बहुभाषी संकेतस्थळे : माहिती एक, भाषा अनेक

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषांचा समावेश आहे. बोडो, डोगरी, मैथिली व संथाळी या चार भाषा २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने तीत आल्या. शासकीय योजनांची माहिती या सर्व भाषांतून द्यावयाची, तर प्रश्न केवळ अनुवादाचा उरत नाही. ती डेटाबेसमध्ये कशी साठवावी, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा ठरतो.

पूर्वी निरनिराळ्या फॉन्टची संकेतप्रणाली निरनिराळी असे. त्यामुळे एका संगणकावरील मजकूर दुसऱ्यावर वाचता येईलच, याची खात्री नसे. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक निश्चित क्रमांक देऊन ही अडचण दूर केली. संथाळीच्या ओल चिकी लिपीला त्यात २००८ मध्ये स्थान मिळाले.

साठवणुकीची सोपी वाटणारी रीत म्हणजे प्रत्येक भाषेसाठी तक्त्यात स्वतंत्र रकाना. परंतु योजनेचे नाव, पात्रता आणि अर्जाची पद्धत या तीन बाबींसाठीच २२ भाषांत ६६ रकाने होतात आणि नव्या भाषेसाठी तक्त्याची रचनाच बदलावी लागते. त्यापेक्षा दोन तक्ते करणे श्रेयस्कर. पहिल्यात भाषेवर अवलंबून नसलेली तथ्ये, तर दुसऱ्यात योजनेचा क्रमांक, भाषा, लिपी व मजकूर असावा. मग नवी भाषा म्हणजे केवळ काही नव्या नोंदी. लिपीची नोंद वेगळी हवी, कारण सिंधी देवनागरीत लिहिली जाते, तशीच अरबी लिपीतही.

या विभागणीचे मोल पीकविम्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेत शेतकऱ्याचा हप्ता खरीप अन्नधान्य व तेलबियांसाठी विमा संरक्षित रकमेच्या कमाल २ टक्के, तर रब्बीसाठी कमाल १.५ टक्के ठरविण्यात आला. हे आकडे किंवा अर्जाची अंतिम तारीख प्रत्येक अनुवादात लिहिली, तर एक बदल २२ ठिकाणी करावा लागतो. समजा, मुदत वाढली आणि एका भाषेतील पान जुनेच राहिले, तर ती भाषा वाचणारा शेतकरी मुदत संपली असे समजून घरीच बसेल. तारीख एकाच ठिकाणी साठविली, तर ती सर्व भाषांत एकाच वेळी बदलते.

मजकुराचे मात्र असे आपोआप होत नाही. त्यासाठी प्रत्येक अनुवादासोबत तो मूळ मजकुराच्या कोणत्या आवृत्तीवरून केला, हे नोंदवावे. मूळ आवृत्ती पुढे गेली की मागे पडलेले अनुवाद यंत्रणेला शोधता येतात आणि वाचकाला तशी सूचनाही देता येते. अनुवाद नसेल तेथे कोरे पान न दाखविता वाचकाला समजू शकेल अशा दुसऱ्या भाषेतील मजकूर दाखवावा.

अनुवादाचा खर्च टळत नाही. पण योग्य रचनेमुळे तोच खर्च पुनःपुन्हा करावा लागत नाही. भाषिक समानतेचे आश्वासन अखेर अशा तक्त्यांच्या आखणीतूनच पाळले जाते.