कॉफीत काय घालावं आणि कधी

स्वाद घातलेली कॉफी म्हणजे कॅफेवाल्यांनी काढलेलं नवं खूळ, असं ठासून सांगणारी मंडळी बहुधा स्वतः जायफळाची कॉफी पीत मोठी झालेली असतात. व्हॅनिला, हेझलनट, कॅरॅमल ही नावं आपल्याकडे अलीकडची, हे खरं. पण कॉफीत सुगंधी काहीतरी घालायची हौस फार जुनी आहे. अरब देशांत बिनदुधाच्या कॉफीत वेलदोडा कुटून घालतात. त्या कॉफीला आणि तिच्या पाहुणचाराला युनेस्कोने २०१५ साली अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. मेक्सिकोत मातीच्या भांड्यात दालचिनी आणि तिथला गूळ घालून कॉफी उकळतात. सेनेगलमध्ये एका आफ्रिकी मिरीची पूड घातलेली ‘काफे तुबा’ रस्त्यावर मिळते. उलट ज्या ‘पम्पकिन स्पाइस लाटे’ने अमेरिकेला २००३ पासून वेड लावलं, त्यात २०१५ पर्यंत भोपळा नावालाही नव्हता; होते ते दालचिनी, जायफळ, लवंग असे आपल्या मसाल्याच्या डब्यातलेच स्वाद.

तेव्हा घरी अशी कॉफी करायला यंत्र, सरबतांच्या बाटल्या आणि कॅफेचं बिल लागतं, हा पहिला गैरसमज. घरची कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा सामान कमी पडलं म्हणून नाही. जिन्नस चुकीच्या वेळी पडलेला असतो, एवढंच.

‘जायफळाच्या कॉफीने झोप छान लागते’

ज्या घरात हरतालिकेच्या जागरणाला डोळे मिटू नयेत म्हणून जायफळाची कॉफी होते, त्याच घरात एरवी रात्री नऊला ‘जायफळ आहे गं, झोप लागेल’ म्हणून तोच कप पुढे येतो. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

दिवसभर जागं राहिलं की मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि त्याने पेंग यायला लागते. कॅफीन या अ‍ॅडिनोसिनच्या जागा अडवून बसतं. रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला निरोगी माणसात साधारण पाच तास लागतात, गरोदरपणात त्याहून बरेच जास्त. म्हणजे नऊच्या कपातलं निम्मं कॅफीन रात्री दोनला अजून अंगातच असतं. चिमूटभर जायफळ हा काही त्यावरचा उतारा नव्हे. तरीही कॉफी पिऊन घोरणारे आजोबा प्रत्येक घरात सापडतात, त्याला कारणं आहेत. कॅफीन पचवण्याचा वेग माणसागणिक वेगळा असतो, सवयीने असर बोथट होतो आणि आपली पारंपरिक दूधकॉफी मुळात फिकी असते. कपाला अर्धा चमचा इन्स्टंट पावडर पडली तर त्यात कॅफीन असतं अंदाजे ३० मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफीन चालेल असं म्हटलं आहे. त्या हिशेबात आजोबांचा कप किरकोळच.

याच समजातून पुढे ‘मग जायफळ थोडं जास्त घालू’ हा शहाणपणा येतो, आणि तो मात्र धोक्याचा आहे. एका अख्ख्या जायफळाचं वजन पाचेक ग्रॅम भरतं, आणि तेवढं पोटात गेलं तर मळमळ, छातीत धडधड, तोंडाला कोरड, भ्रम असे त्रास होऊ शकतात; तेही काही तासांनी, म्हणजे कशाने झालं हे चटकन कळतही नाही. कपाला किसणीवर दोन-तीनदा फिरवलेलं जायफळ याच्या आसपासही जात नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र हात आखडलेलाच बरा.

उकळू द्यायचं की नाही

‘चांगलं खळाखळा उकळल्याशिवाय स्वाद उतरत नाही’ हे चहाचं शास्त्र आपण कॉफीला लावतो. जायफळ, वेलदोडा यांचा वास त्यांच्या उडनशील तेलांत असतो. ही तेलं पाण्यात फारशी मिसळत नाहीत, दुधातल्या स्निग्धांशात मिसळतात. म्हणून जायफळाची कॉफी दुधाचीच चांगली लागते. पण पातेलं उघडं ठेवून दहा मिनिटं उकळलं, तर सगळ्या घराला वास येतो आणि कपात फारसं काही उरत नाही. दूध तापलं, गॅस बंद केला, मग वर जायफळ किसलं आणि दोन मिनिटं झाकण ठेवलं, की काम झालं. अख्खं जायफळच आणावं. तयार पुडीला डबा उघडल्यापासून उतरती कळा लागते. कोकणात नारळी-पोफळीच्या बागांत जायफळाची झाडं असतात, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती त्या बागांसाठीच काढल्या. तिकडून कोणी येणार असेल तर आंब्यांबरोबर चार जायफळंही मागवावीत.

वेलदोड्याची पूड जायफळाच्याच नियमाने, पण अख्खा वेलदोडा टरफलासकट ठेचला असेल तर दुधाबरोबर उकळायला हरकत नाही. दालचिनीची कांडी सुरुवातीलाच टाकावी, तिला वेळ लागतो. दालचिनीची पूड मात्र कॉफीत विरघळतच नाही. ती पाणी शोषून बुळबुळीत होते आणि शेवटच्या घोटाला घशाशी येते. व्हॅनिला इसेन्स अगदी शेवटी, कपात.

आणि कॉफी? इन्स्टंट पावडर म्हणजे एकदा उकळून, गाळून, सुकवलेली कॉफीच. कारखान्यात तिचा अर्क काढून झालेला असतो, घरी पुन्हा काढायचं काही शिल्लक नसतं. ती दुधात उकळल्याने अपाय होत नाही, फक्त उरलासुरला वास जातो. फिल्टरच्या पावडरीचं प्रकरण वेगळं: तिच्यावर उकळीवरून उतरवलेलं पाणी ओतायचं आणि डिकॉक्शन थेंबथेंब खाली येईपर्यंत वाट पाहायची. हे डिकॉक्शन गॅसवर पुन्हा कढवू नये. गरम दूध त्यात ओतावं.

गूळ, आलं आणि फाटलेलं दूध

गुळाची कॉफी फाटली की खापर दुधावर फुटतं. पिशवी शिळी होती, भय्याने फसवलं वगैरे. कधीकधी तसं असतंही. पण बहुधा घडतं ते असं: दूध सणसणीत उकळत असतं, त्यात कॉफी पडते, मग गुळाचा खडा. कॉफी आम्लधर्मी असते, गूळही थोडासा आम्ल असू शकतो, शिवाय त्यात क्षार असतात. थंड दूध एवढं आम्ल सहन करतं, उकळतं दूध करत नाही. खडा जिथे पडतो तिथे आधी दुधावर बारीक कणी दिसते, मग कडेने हिरवट पाणी सुटतं. दोनच मिनिटं धीर धरायचा असतो. गॅस बंद करून दूध जरा निवू द्यावं आणि किसलेला गूळ सगळ्यात शेवटी, कपात ढवळावा. तमिळनाडूतल्या सुक्कू कापीत सुंठ, धने, मिरी आणि ताडगूळ मनसोक्त उकळतात, पण ती बिनदुधाची असते.

ताज्या आल्याची गोष्ट निराळी. त्यात प्रथिनं तोडणारं विकर असतं आणि कच्चं आलं कोमट दुधात पडलं तर ते दुधाला विरजणासारखं जमवतं. आलं आधी थोड्या पाण्यात उकळलं की विकर निकामी होतं. मग दूध घालावं.

‘गूळ घातलाय, मधुमेहाला चालतो’ हे वाक्य तर वहीत लिहून त्यावर काट मारण्यासारखं आहे. गुळात मोठा भाग साखरेचाच असतो. चव वेगळी, खमंग, कॉफीला शोभणारी. रक्तातली साखर मात्र तोही वाढवतो.

फेस कशाचा?

२०२० च्या टाळेबंदीत ‘डालगोना कॉफी’ जगभर गाजली. जंग इल-वू या कोरियन अभिनेत्याने मकाऊत प्यालेली ही कॉफी कोरियन टीव्हीवर दाखवली, चव कोरियातल्या डालगोना टॉफीसारखी म्हणून तिला ते नाव पडलं, आणि आपल्याकडचे लोक म्हणाले, ‘अहो, ही तर आमची फेटलेली कॉफी!’ बरोबरच म्हणाले. फरक एवढाच, की आपण फेटलेल्या कॉफीवर दूध ओततो आणि तिथे दुधावर फेस ठेवतात.

या फेसाबद्दल दोन समज आहेत. एक, तो साखरेमुळे येतो. दोन, कुठलीही कॉफी पुरेशी घोटली की फेसाळते. करून पाहताना नीट लक्ष द्यावं. कपात एक चमचा इन्स्टंट, दीड चमचा साखर आणि मोजके थेंब पाणी घेऊन चमच्याने घोटायला लागलं, की आधी काळपट चिकट लगदा होतो. साखरेचे कण कपाच्या कडेला करकरतात. मग करकर थांबते, रंग तांबूस होतो, आणि चमचा ओढला की मागे रेघ राहायला लागते. शेवटी बदामी रंगाची पेस्ट चमच्याला लटकून राहते. हवा धरून ठेवतात ते कॉफीतलेच प्रथिनांचे अंश आणि भाजताना तयार झालेली मोठ्या रेणूंची द्रव्यं. साखर पाण्याला दाट करते, म्हणून बुडबुडे लवकर फुटत नाहीत. साखरेशिवायही फेस येतो, पण बघता बघता बसतो. फिल्टरच्या डिकॉक्शनने हे साधत नाही, कारण त्यात पाणी फार आणि वर कॉफीचं तेल. थेंबांऐवजी चमचाभर पाणी पडलं तरी हात दुखेपर्यंत घोटत बसावं लागतं.

दुधाच्या फेसाचंही असंच. ‘साईचं दूध असेल तरच फेस येतो’ म्हणतात. प्रत्यक्षात दुधाचा फेस प्रथिनं उभा करतात आणि टोन्ड दुधालाही तो झकास येतो. साय तोंडात गुळगुळीतपणा आणते, तिचं काम ते.

हेझलनटमध्ये काय असतं आणि चिकोरी कशाला

हेझलनट कॉफीच्या बाटलीत हेझलनट वाटून घातलेले असतात असं मुलांनाच नव्हे, मोठ्यांनाही वाटतं. स्वाद हा बहुधा भाजलेल्या बियांवर किंवा पावडरीवर नंतर चढवलेला असतो आणि त्या वासाचं मुख्य द्रव्य प्रयोगशाळेतही करता येतं. व्हॅनिला इसेन्सचंही तेच. जगात वापरलं जाणारं बहुतेक व्हॅनिलिन शेंगेतून आलेलंच नसतं. यात फसवणूक नाही, वेष्टनावर स्वाद घातल्याचं लिहिलेलं असतं. ज्यांना सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी मात्र ‘नुसता वास आहे’ असं धरून न चालता ती बारीक अक्षरं वाचावीत.

तीच अक्षरं वाचताना चिकोरी दिसते आणि ‘भेसळ!’ असा गलका होतो. चिकोरी हे भाजून दळलेलं मूळ आहे. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरातेत पिकतं. त्यात कॅफीन नसतं. रंग, दाटपणा आणि किंचित कडवट गोडी असते. आपल्या नियमांप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण वेष्टनावर छापायला हवं. न सांगता घातली तर भेसळ, सांगून घातली तर मिश्रण. माझं मत विचाराल तर जायफळ आणि गूळ चिकोरीच्या मिश्रणातच खुलतात. व्हॅनिलासारखा नाजूक वास मात्र तिच्याखाली दबून जातो, त्याला शुद्ध कॉफी घ्यावी.

काही समज दोन ओळींतच निकालात निघतात. लिंबू पिळलेल्या कॉफीने चरबी वितळत नाही, दालचिनीने तर नाहीच. तूप घातलेल्या कॉफीत तुपाचे उष्मांक जसेच्या तसे असतात. डीकॅफमध्येही थोडं कॅफीन उरतं. आणि कडू कॉफी म्हणजे जास्त कॅफीनची असं नाही. कडूपणाचा फार थोडा वाटा कॅफीनचा असतो, बाकीचा भाजताना तयार होणाऱ्या द्रव्यांचा. कडवटपणा मारायला चिमटीभर मीठ कामाला येतं, पण कॅफीन होतं तेवढंच राहतं.

कोको घालायचा असेल तर तो थेट दुधात टाकू नये, गुठळ्या वर तरंगतात. साखर आणि दोन चमचे गरम पाणी घालून आधी त्याची पेस्ट करावी. कोल्ड कॉफीलाही हाच नियम: पावडर चमचाभर गरम पाण्यात विरघळवून मग मिक्सरमध्ये, थंडगार दुधावर. बर्फाने ती पाणचट होते म्हणून कुरकुर करण्यापेक्षा उरलेल्या डिकॉक्शनचेच खडे जमवून ठेवावेत. थंड पदार्थात गोडी आणि वास दोन्ही जिभेला कमी जाणवतात. त्यामुळे गरम कपाला एक थेंब व्हॅनिला पुरत असेल तर इथे दोन लागतील. साखर मात्र चव घेतल्याशिवाय वाढवू नये, कारण वरून आइस्क्रीमचा गोळा अजून पडायचा असतो.