चाळीस वर्षं टिकणारा पत्रा

जोतिबाच्या डोंगरावर हवेत गुलाल उडतो, त्याचं कुणाला नवल नाही. मी थांबलो तो एका छपरावरची पांढरी धूळ बघून. पावसाळ्याआधी पत्रे बदलायचं काम चाललं होतं. हुक सोडवायचे, जुना पत्रा उतरवायचा, नवा चढवायचा. जुन्यातला धड भाग पडवीच्या मापाने कापायचा. सिमेंटचा तो पत्रा मिस्त्री कटर मशीनने कोरडाच कापत होते. तोंडाला रुमाल, भुवया पांढऱ्याफेक. डोंगरावरचा वारा धूळ खाली दुकानांकडे नेत होता.

"चाळीस वरीस बघायला नको," पत्र्यावर थाप मारत ते म्हणाले.

"आणि धुळीचं काय?"

"रुमाल हाय की, पावणं. रातच्याला गूळ खाल्ला की छाती मोकळी."

चाळीसचा तो आकडा नंतर डोक्यातून जाईना. जुने सिमेंटचे पत्रे बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचेच. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी. कापला, फोडला की न दिसणारे तंतू उडतात. गुलाल अंघोळीने निघतो, गुळाने हे तंतू निघत नाहीत. ते फुप्फुसाच्या आवरणापर्यंत पोचून वर्षानुवर्षं तिथेच राहतात. त्या आवरणाचा कर्करोग म्हणजे मेसोथेलिओमा. तो दिसायला बहुधा वीस ते चाळीस वर्षं जातात, आणि बिडीला कधी न शिवलेल्यालाही तो होतो. दम लागतो, छाती दुखते, फुप्फुसाभोवती पाणी साठतं. आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी आठवतो. पत्र्याचा विषय निघतच नाही. खात्री होते ती बायोप्सीने. पाणी काढल्यावर श्वास हलका होतो, केमोथेरपी-इम्युनोथेरपीने काही महिने पदरात पडतात, पण पूर्ण बरे होणारे विरळाच.

तंतू फुप्फुसातच रुतले तर अ‍ॅस्बेस्टोसिस होतो. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस कारखान्यातले १८१ कामगार तपासले, त्यातल्या ४१ जणांना तो निघाला. २००५ साली हे छापून आलं. त्याआधी १९९५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने कारखान्यांना बजावलं होतं, की कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं जपा. पुन्हा चाळीस! साठाहून अधिक देशांनी अ‍ॅस्बेस्टॉसवर बंदी घातली. आपण मात्र तो अजून आयात करतो.

कारखान्यातल्या माणसाची निदान कागदावर तरी नोंद आहे. छपरावरच्या मिस्त्रीची नोंद ठेवणार कोण? तेव्हा घराचे पत्रे बदलणार असाल, तर मिस्त्रींना एवढं सांगाच: जुना पत्रा पाण्याने भिजवून अखंड उतरवा, कापू नका, रुमालावर विसंबू नका, धुळीचे कपडे घरी नेऊन झटकू नका. आणि कधीकाळी तुम्ही स्वतः पत्रे कापले असतील आणि छातीत पाणी झालं, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता ते आधी सांगा.