अण्णांची वही आणि डुक्कर फियाट

सर्वोच्च न्यायालयाचा १९७१ सालचा एक निकाल मी वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार. वकिलीशी माझा काही संबंध नाही. पण इंदूरच्या आमच्या घरात एक जुनी फियाट आली आणि मग सगळं घर तिच्याभोवती का फिरत राहिलं, याचा उलगडा मला त्या रुक्ष पानांतून होत गेला.

प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद यांची कहाणी थोडक्यात अशी. सोलापूरचा माणूस, १९४४ सालची कंपनी, कुर्ल्याचा कारखाना, आधी क्रायस्लरच्या गाड्या आणि मग फियाट. वालचंद १९५३ मध्ये गेले आणि त्यांच्या मागे खरी गोष्ट सुरू झाली, टंचाईची. १९५९ मध्ये सरकारने मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढला. नंबर लावायचा, अनामत भरायची, वाट बघायची. नवी गाडी हाती आली तरी दोन वर्षं परवानगीशिवाय विकायची नाही. गाड्यांबद्दल तक्रारी इतक्या वाढल्या की १९६७ मध्ये दर्जाच्या चौकशीसाठी समिती नेमावी लागली. १९६९ मध्ये सरकारने किमती ठरवून दिल्या तेव्हा कारखानदार कोर्टात गेले. किंमत वाजवी हवी, पण उत्पादनाचा खर्च आणि भांडवलावर रास्त परतावा धरूनच ती वाजवी, असं न्यायालयाने धरलं. कायद्याने ते बरोबरच असेल. माझं मन मात्र कारखानदारांकडे झुकत नाही. रांगेत उभं राहिलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जाणार कुठे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

अशा रांगेत उभं राहणं आमच्या आजोबांना, म्हणजे अण्णांना, परवडणारं नव्हतं. त्यांनी १९६४ मध्ये महूच्या एका डॉक्टरांकडून वापरलेली फियाट ११०० घेतली. गोल पाठीची, पुढचे दरवाजे उलटे उघडणारी. पुण्याची भावंडं तिला डुक्कर फियाट म्हणायची आणि आजीला ते मुळीच खपत नसे. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास, गिअरचा दांडा स्टीअरिंगला. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकला की सगळ्या रामबागेला ऐकू जाईल असा खरखराट व्हायचा.

इंदूरला मोटारीचं अप्रूप नवं नव्हतं. महाराज यशवंतराव होळकरांनी वयाच्या अठ्ठाविशीच्या आसपास अमेरिकेतल्या ड्यूसेनबर्गची चासी मागवली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर दोन आसनांची नारिंगी-काळी बॉडी चढवून घेतली. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. म्हणजे आमच्या आठ फियाटी एकीकडे आणि ती एकटी एकीकडे. त्यांच्या माणिकबाग राजवाड्यावर आणि त्या गाडीवर जगभर पुस्तकं निघाली, निघत राहतील. मला त्यापेक्षा जास्त ओढ आहे ती साध्या घरातल्या गाड्यांची. त्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही. तो असलाच तर घरोघरच्या वह्यांत आहे.

अण्णांची तशी एक वही काकांच्या कपाटात सापडली. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. अण्णा होळकर संस्थानाच्या हिशेब खात्यात उमेदवारी केलेले; खाडाखोड नाही, एकही रकाना रिकामा नाही. तारीख, मीटरचा आकडा मैलांत, पेट्रोल लिटरमध्ये, पैसे, आणि शेवटी बारीक अक्षरात शेरा. ‘प्लग साफ केले.’ ‘पॉइंट घासले.’ ‘मानपूरच्या चढावर गाडी बंद, पंपावर ओले फडके ठेवले, दहा मिनिटांत चालू.’ हा शेवटचा शेरा उन्हाळ्यातल्या पानांवर पुन्हा पुन्हा येतो. इंजिनाच्या आचेने पंपातल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचेनासं व्हायचं. लांबच्या प्रवासात फडकं भिजवायला आजीच्या पायाशी पाण्याची कळशी असे, ती यासाठीच.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं आणि पुढच्या काही महिन्यांत कच्च्या तेलाचे भाव चौपट झाले. त्या हिवाळ्यापासून वहीत आणखी एक रकाना दिसतो: लिटरमागे मैल. सात, पावणेसात, सात.

मग मे १९७४ येतो. ८ मेला देशभर रेल्वेचा संप सुरू झाला आणि सुटीला आलेली पुण्याची भावंडं इंदुरातच अडकली. २७ मेला संप मिटेपर्यंत घरात सोळा-सतरा वर्षांची चार पोरं रिकामी. त्या संपावर पुष्कळ लिहिलं गेलं. नोकऱ्या गेल्या, माणसं तुरुंगात गेली, ते लिहिलंच पाहिजे होतं. आमच्या घरापुरता त्या संपाचा परिणाम असा, की रात्री अकरानंतर फियाट घराबाहेर पडू लागली.

पद्धत ठरलेली होती. किल्ली देवघराशेजारच्या खिळ्यावर. फाटकाच्या बिजागरीला आधीच खोबरेल लावलेलं. गाडी न्यूट्रलला टाकून तिघांनी ढकलायची, चौथा स्टीअरिंगवर. कोपऱ्यावरच्या उतारापर्यंत चकार शब्द काढायचा नाही. तिथे दुसरा गिअर टाकून क्लच सोडला की एक हिसका आणि इंजिन चालू. त्याआधीचं सगळ्यांत महत्त्वाचं काम चुलतभावाकडे: डॅशबोर्डखाली हात घालून मीटरची केबल सोडायची, म्हणजे आकडा जागचा हलत नाही. सराफ्याच्या बाजूला फिरकायचं नाही, कारण त्या वेळी अर्धं ओळखीचं इंदूर तिथे खात उभं असायचं. बडा गणपतीवरून एरोड्रोम रोड धरायचा आणि बिजासनच्या टेकडीपर्यंत जायचं. वर वारा असे. खाली गावाचे दिवे. परतताना कोपऱ्यावर इंजिन बंद आणि पुन्हा ढकलत घरी.

यात गंमत होती, तितकाच गुन्हाही होता. १९३९ चा मोटार वाहन कायदा अठरा वर्षांखालच्यांना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवू देत नव्हता. सीटबेल्ट नव्हता, दिवे मिणमिणते, आणि रात्री रस्त्याकडेला माणसं झोपलेली असत. आज पोर असं पकडलं गेलं तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड. ही दुरुस्ती मला योग्य वाटते.

केबलच्या युक्तीत एक भोक होतं. मीटर थांबतो, पेट्रोल थांबत नाही. मेच्या मध्यापासून वहीतला रकाना सहावर येतो, मग पाचवर. आणि शेजारी शेरे:

‘पंप तपासला. ठीक.’

‘कार्ब्युरेटर उघडला. ठीक.’

‘टाकी गळत नाही.’

‘मीटरची केबल हाताला सैल लागली. आवळली.’

दोन दिवसांनी पुन्हा तेच, ‘केबल सैल.’ या वेळी ‘आवळली’ हा शब्द नाही.

त्याखाली, २३ मेच्या नोंदीत: ‘चारही चाकांचे ब्रेक शू बदलले. हँडब्रेकची तार नवी.’ पुढे रक्कम. पेट्रोलच्या महिनाभराच्या खर्चापेक्षा जास्त.

घरात यावर कोणी अवाक्षर काढलेलं मला आठवत नाही. अण्णांनी पोरांना बोलावलं नाही, किल्ली खिळ्यावरून हलवली नाही. संप मिटला, भावंडं पुण्याला गेली, रकाना सातवर परत आला.

वही सापडल्यावर मी ती पानं चुलतभावाला दाखवली. तो आयुष्यभर पुण्यात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झाला आहे आणि सहजासहजी हेलावणारा माणूस नाही. त्याने चष्मा पुसून पानं दोनदा वाचली आणि म्हणाला, “उगाच गहिवरू नकोस. त्या वर्षी आपण सगळे मांडवला गेलो होतो. घाट उतरायचा म्हणून अण्णांनी ब्रेक करून घेतले.”

मला हे पटत नाही, आणि माझ्या बाजूने खुद्द वहीच साक्ष देते. मांडवची सहल ऑगस्टमधली, पाऊस लागल्यावरची. तारीख पुढच्या पानावर आहे. त्याआधीच्या दहा वर्षांत अण्णा मांडवला अनेकदा गेले. प्रत्येक वेळी ब्रेकची नोंद आदल्या एक-दोन दिवसांची, आणि शब्द एकच, ‘आवळले’. गरज पडल्याशिवाय आणि वेळेआधी अण्णांनी त्या गाडीवर पैसा खर्च केल्याची दुसरी नोंद अख्ख्या वहीत नाही. चुलतभाऊ अजून मांडववरच अडून आहे. वहीची झेरॉक्स मात्र त्याने मागून घेतली.