इन्सुलिनमधील खंड आणि किटोॲसिडोसिस : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

मधुमेह हा विषय आज कोणत्याही महाविद्यालयाच्या प्राध्यापक-कक्षाला अपरिचित राहिलेला नाही. मधल्या सुट्टीत चहा येतो तेव्हा 'माझा बिनसाखरेचा' असे सांगणारे दोन-चार जण हमखास निघतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे 10 कोटी 10 लाख इतकी असावी, आणि प्रौढांमधील प्रमाण 11.4 टक्के आहे. तथापि आपल्या चर्चेतला मधुमेह हा बहुधा सावकाश हानी करणारा, म्हणजे डोळे, मूत्रपिंड, पाय यांना वर्षानुवर्षे पोखरणारा मधुमेह असतो. याच आजाराची एक अवस्था अशी आहे की, ती एक-दोन दिवसांत, प्रसंगी काही तासांत रुग्णाच्या जिवावर बेतते. तिला डायबेटिक किटोॲसिडोसिस असे म्हणतात.

ही अवस्था अनेकदा इन्सुलिनमध्ये पडलेल्या खंडातून उद्भवते. हा खंड केवळ अज्ञानातून पडतो असे मानणे मात्र अपुरे ठरेल. ऋतू, रोजगार, प्रवास, व्रतवैकल्ये आणि 'पोटात काही नाही तर सुई कशाला' हा वरवर सयुक्तिक वाटणारा विचार यांतून तो पडत असतो. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांतील जीवनक्रमाच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

रक्तातील आम्ल वाढते कसे

अन्नातील साखर रक्तात आली म्हणजे ती पेशींना मिळालीच असे होत नाही. ती पेशींत नेण्याचे कार्य इन्सुलिन या संप्रेरकावर अवलंबून असते. इन्सुलिन नसेल तर रक्तात साखरेचा पूर आणि पेशींत मात्र दुष्काळ अशी विपरीत स्थिती निर्माण होते. उपाशी पेशींसाठी शरीर मग चरबी जाळू लागते. चरबीतून सुटलेल्या मेदाम्लांपासून यकृत कीटोन नावाचे पदार्थ तयार करते. हे पदार्थ आम्लधर्मी आहेत. निरोगी माणसाच्या उपवासातही ते थोड्या प्रमाणात तयार होतात, परंतु त्याच्या शरीरातील अल्पसे इन्सुलिन त्यांना आवर घालते. तो आवर नाहीसा झाला की रक्ताची आम्लता वाढत जाते.

दुसरीकडे मूत्रावाटे साखर बाहेर पडताना ती आपल्याबरोबर पाणी, सोडियम आणि पोटॅशियम घेऊन जाते. त्यामुळे प्रचंड तहान, वारंवार लघवी, कोरडी पडलेली जीभ ही लक्षणे प्रथम दिसतात. पाठोपाठ मळमळ, उलट्या व पोटदुखी सुरू होते. पोटदुखी इतकी तीव्र असू शकते की, आंत्रपुच्छाचा दाह असावा अशी शंका येते. आम्ल बाहेर टाकण्यासाठी श्वास खोल आणि जलद होतो. जर्मन वैद्य ॲडॉल्फ कुसमॉल यांनी 1874 मध्ये या श्वसनाचे वर्णन केले, म्हणून ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येतो. शेवटी ग्लानी व बेशुद्धी.

निदानाचे निकष 2024 च्या आंतरराष्ट्रीय सहमती-अहवालात सुधारण्यात आले. रक्तशर्करा 200 मिलिग्रॅम किंवा अधिक असणे अथवा मधुमेह आधीपासून ज्ञात असणे, रक्तातील कीटोन 3 मिलिमोल किंवा त्याहून अधिक असणे, आणि आम्लतादर्शक सामू 7.3 हून खाली किंवा बायकार्बोनेट 18 हून कमी असणे असे त्यांचे स्वरूप आहे. पूर्वी शर्करेची अट 250 ची होती. 'साखर तर फारशी नाही' एवढ्यावरून धोका नाकारता येत नाही, हे या बदलातून लक्षात येते.

इन्सुलिनपूर्व काळाचा दाखला

महाराष्ट्राला परिचित असलेला एक मधुमेही म्हणजे लोकमान्य टिळक. 1908 ते 1914 या मंडालेच्या कारावासात त्यांनी पथ्यावर, विशेषतः सातूच्या आहारावर, हा आजार काबूत ठेवला आणि त्याच काळात 'गीतारहस्य' लिहिले. प्रौढ वयातील मधुमेहात शरीर थोडेफार इन्सुलिन तयार करीत असते, म्हणून निव्वळ पथ्याने काही वर्षे निभावता येत असे. बालवयात किंवा तारुण्यात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ही सोय नाही. तेथे स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. टिळकांचे निधन 1 ऑगस्ट 1920 रोजी झाले. त्यानंतर वर्षभरातच, 1921 मध्ये, टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले. 11 जानेवारी 1922 रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या 14 वर्षांच्या मुलाला पहिली सुई दिली गेली, पण अर्क अशुद्ध असल्याने ती वाया गेल्यासारखीच होती. कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क 23 जानेवारीपासून देण्यात आला आणि मुलाच्या मूत्रातील कीटोन नाहीसे झाले. तोपर्यंत या अवस्थेचा शेवट मृत्यूतच होत असे. आज सुसज्ज रुग्णालयात वेळेवर पोहोचलेल्या प्रौढ रुग्णांत मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याहून कमी आहे. 'वेळेवर' या शब्दाचा अर्थ मात्र साताऱ्यात एक आणि कांदाटी खोऱ्यात दुसरा होतो.

खंड कोठे पडतो

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे पश्चिमेला अतिवृष्टीचे आणि पूर्वेला अवर्षणाचे आहेत. महाबळेश्वर, जावळी, पाटण, शिराळा एकीकडे आणि माण, खटाव, आटपाडी, जत दुसरीकडे. शिवसागर जलाशयापलीकडील काही गावांतून पावसाळ्यात तापोळा किंवा बामणोलीला यायचे तर लाँचवर अवलंबून राहावे लागते. जतच्या पूर्व भागातील रुग्णाला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पोहोचण्यास दोन तासही लागू शकतात. राज्यात 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका उपलब्ध झाली हा मोठाच आधार आहे. तथापि हाक केव्हा द्यायची हे कुटुंबालाच ठरवावे लागते, आणि उलट्या म्हणजे पित्त, अशी समजूत घरोघरी दृढ आहे. लिंबू-सोडा, ओवा, फार तर एक सलाईन यांत पहिला दिवस निघून जातो. याच दिवशी इन्सुलिनही बंद केले जाते, कारण रुग्णाने काही खाल्लेले नसते.

ही चूक सर्वाधिक घातक होय. ताप, जुलाब, न्यूमोनिया अशा आजारात शरीर साखर वाढवणारी संप्रेरके सोडते. त्यामुळे न खाताही साखर वाढू शकते आणि इन्सुलिनची गरज अनेकदा नेहमीपेक्षा अधिक असते. जेवणापूर्वीची मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करता येईल. दीर्घकाळ काम करणारे मूळ इन्सुलिन मात्र पहिल्या प्रकारच्या रुग्णाने कधीही पूर्ण थांबवू नये. दर तीन-चार तासांनी रक्तशर्करा तपासणे, मूत्रातील कीटोनची पट्टी पाहणे, मीठ-पाणी घेत राहणे आणि उलटी थांबत नसेल तर रुग्णालय गाठणे असा हा क्रम आहे. मूत्राच्या पट्टीवर प्रमुख कीटोन, म्हणजे बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, उमटत नाही. म्हणून पट्टी फिकी आणि रुग्ण मलूल असेल तर रुग्णाकडे पाहून निर्णय घ्यावा.

ऊसतोडणीचा हंगाम हा दुसरा प्रसंग. कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांसाठी मराठवाड्यातून, तसेच माण आणि जतसारख्या दुष्काळी तालुक्यांतून तोडणी कामगार येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत त्यांचा संसार फडालगतच्या कोपीत असतो. तेथे फ्रीज नाही, नेहमीचा दवाखाना नाही, औषधाचे दुकान चार-सहा मैलांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकजण रुग्णालयात गेला की दोघांच्या कामाचा खाडा पडतो आणि तो उचलीच्या हिशेबात येतो. अशा कुटुंबातील मुलगी आठवडाभर सारखे पाणी मागते, वाळत जाते, मग तिला उलट्या होऊ लागतात. तिला मधुमेह आहे हे अद्याप कोणालाच ठाऊक नसते. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे निदानच अनेकदा किटोॲसिडोसिसच्या अवस्थेत होते. 'तहान, लघवी, घटते वजन' ही तीन लक्षणे फडावर येणाऱ्या आरोग्य सेविकेला आणि साखरशाळेतील शिक्षकाला सांगून ठेवण्यास काहीही खर्च येत नाही.

तिसरा प्रसंग महापुराचा. 2005, 2019 आणि 2021 या वर्षी कृष्णेने सांगलीकरांची परीक्षा पाहिली. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. पलूस, वाळवा, मिरज व शिराळा तालुक्यांतील गावे पाण्यात होती आणि वीजपुरवठा खंडित होता. अशा वेळी फ्रीज बंद पडला म्हणजे इन्सुलिन निकामी झाले, असा समज करून घेऊन ते टाकून देण्याचा धोका असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. न उघडलेली कुपी 2 ते 8 अंश तापमानात ठेवावी हे खरे, परंतु 25 ते 30 अंशांपर्यंतच्या तापमानात बहुतेक इन्सुलिन साधारण चार आठवडे टिकते. ऑगस्टमधील सांगलीची हवा त्या मर्यादेत बसते. टाकून द्यायचे ते पुराच्या पाण्यात बुडालेले, रंग बदललेले किंवा गोठलेले इन्सुलिन. बर्फाशी थेट संपर्क हा थंडाव्यापेक्षा अपायच अधिक करतो. माण-जतच्या एप्रिल-मे महिन्यांतील उन्हाळा मात्र खरोखरच धोक्याचा असतो. तेथे दोन मडकी एकात एक ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरण्याची जुनी युक्ती उपयोगी पडते. इन्सुलिन सांभाळण्यासाठी कुंभाराकडे जावे लागावे याचे कोणी आश्चर्य मानू नये.

आषाढ वारीचाही उल्लेख येथे करावा लागेल. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करते. चालण्याने साखर उतरते हे खरे असल्यामुळे वारकरी मात्रा कमी करतो, पुढे सुईच वगळतो. एकादशी आणि नवरात्र यांतही हाच विचार असतो. गंमत अशी की, उपवासाची साबुदाणा खिचडी आणि रताळी यांत पिष्टमय पदार्थ नित्याच्या जेवणापेक्षा फारसे कमी नसतात.

एक बारीक पण गंभीर बाब सुईची आहे. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला 40 एककांचे असते, तर पेनमधील 100 एककांचे. 40 ची सिरिंज लाल टोपणाची व 100 ची नारिंगी टोपणाची. दुकानातून चुकीची सिरिंज आली आणि 40 च्या कुपीतून 100 च्या सिरिंजने '40' या खुणेपर्यंत औषध घेतले, तर शरीरात प्रत्यक्षात 16 एककेच जातात. रुग्ण सुई नियमाने घेतो आहे अशी सर्वांची खात्री असते, आणि खंड मात्र रोज पडत असतो.

महाविद्यालयाच्या आवारात

सतरा ते बावीस या वयोगटातील पहिल्या प्रकारचा मधुमेही विद्यार्थी वर्गात असणे ही अपवादात्मक गोष्ट नाही. तो ते सांगत नाही, एवढेच. मुलीच्या बाबतीत लग्नाच्या चिंतेने घरचेच मौन पाळतात. वसतिगृहात इतरांसमोर सुई घेणे टाळले जाते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या निवासी शिबिरात सामायिक खोली, श्रमदान आणि अनिश्चित जेवण यांत ती बाजूला पडते. परीक्षेच्या काळात जागरण आणि ताण यांची भर पडते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने 2017 मध्ये मधुमेही परीक्षार्थींना खाद्यपदार्थ सोबत ठेवण्याची मुभा दिली. महाविद्यालयीन परीक्षा केंद्रप्रमुखांनीही अशी विनंती कॉपीच्या संशयाने नाकारू नये.

प्राध्यापकाला निदान करावयाचे नसते. परंतु दोन अवस्थांतील भेद त्याला ठाऊक असावा. साखर एकाएकी उतरली तर घाम, थरथर, गोंधळलेपणा काही मिनिटांत दिसतो. शुद्धीवर असलेल्या विद्यार्थ्याला तेव्हा साखर, गूळ किंवा उसाचा रस तत्काळ द्यावा. किटोॲसिडोसिस तासांच्या हिशेबाने वाढतो. त्यात तहान, उलट्या, खोल श्वास असतात आणि उपाय रुग्णालयातच असतो. नेमके काय झाले ते कळत नसेल आणि विद्यार्थी गिळू शकत असेल, तर साखर देण्याने मोठी हानी होत नाही. बेशुद्ध विद्यार्थ्याच्या तोंडात मात्र काहीही घालू नये. श्वासाचा विचित्र वास, अडखळते बोलणे आणि झोक जाणारी चाल यांवरून 'हा पिऊन आला आहे' असा निष्कर्ष काढून विद्यार्थ्याला खोलीत झोपवून ठेवणे, हा जिवावर बेतणारा गैरसमज आहे.

रुग्णालयात शिरेतून सलाईन, ताशी ठरावीक वेगाने इन्सुलिन आणि पोटॅशियमची भरपाई असे उपचार होतात. इन्सुलिनमुळे पोटॅशियम पेशींत शिरून रक्तातील पातळी झपाट्याने घसरते व हृदयाची लय बिघडू शकते. त्यामुळे वारंवार रक्ततपासणी करावी लागते. घरी किंवा छोट्या दवाखान्यात नुसते सलाईन लावून हे साधत नाही.

ज्येष्ठांसाठी एक नवी बाब

आतापर्यंतचे विवेचन विद्यार्थ्यांविषयीचे झाले. प्राध्यापक-कक्षातील दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहींनाही एका गोष्टीची माहिती असणे इष्ट आहे. डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मूत्रावाटे साखर बाहेर टाकतात. हृदय व मूत्रपिंड यांना त्यांचा चांगला लाभ होतो. भारतातील त्यांचे पेटंट अनुक्रमे 2020 आणि 2025 मध्ये संपल्याने त्या स्वस्त झाल्या व खेड्यापाड्यांतील दुकानांत पोहोचल्या. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्येच या गटातील औषधांमुळे किटोॲसिडोसिस होऊ शकतो असा इशारा दिला होता. येथे साखर 200 च्या आत असतानाही रक्त आम्लधर्मी होऊ शकते, कारण जादा साखर मूत्रातून निघून जात असते. या गोळ्या घेत असताना कडक उपवास करणे, पिष्टमय आहार एकदम तोडणे, उलट्या-जुलाबात गोळी चालूच ठेवणे, किंवा इन्सुलिन परस्पर कमी करणे हे धोक्याचे आहे. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी या दोन्ही गोळ्या किमान तीन दिवस बंद ठेवाव्यात अशी सूचना 2020 पासून आहे. मोतीबिंदू असो वा हर्निया, दाखल होताना आपण कोणती गोळी घेतो ते रुग्णाने आपणहून भूलतज्ज्ञाला सांगावे. शक्य असल्यास गोळ्यांची पट्टीच सोबत न्यावी, कारण एकाच औषधाची व्यापारी नावे अनेक आहेत आणि ती ऐन वेळी आठवत नाहीत.