स्तनाच्या कर्करोगाने पीडित स्त्रियांसाठी सहाय्यक सेवा : देवळाली प्रवरा परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत आज स्तनाचा कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया या आजाराने दगावल्या. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार व संप्रेरकोपचार यांविषयी बरेच लिहिले जाते. रुग्णालयातून घरी परतलेल्या स्त्रीचे पुढे काय होते, हा प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतो. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा व परिसराच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

सहाय्यक सेवेची संकल्पना :
सहाय्यक सेवा म्हणजे केवळ अखेरच्या दिवसांतील शुश्रूषा नव्हे. निदान झाल्या दिवसापासून वेदना, मळमळ, थकवा, भीती, खर्च आणि कौटुंबिक ताण यांवर उपचारांच्या बरोबरीने केलेले साहाय्य, असा तिचा व्यापक अर्थ आहे. मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले ‘शांती अवेदना सदन’ हे देशातील पहिले हॉस्पिस होय. तेव्हापासून ही संकल्पना आपल्याकडे रुजत गेली. तरी ग्रामीण भागात ती पुरेशी पोहोचलेली नाही.

शारीरिक पुनर्वसन :
शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्यास हातातील द्रवाचा निचरा मंदावतो व हाताला कायमची सूज येण्याचा धोका राहतो. प्रवरा कालव्याच्या या ऊसपट्ट्यात खुरपणी, गवत कापणे, दूध काढणे, हंडा उचलणे ही कामे हाताच्या बळावरच चालतात. त्यामुळे हाताची सूज हा येथे थेट रोजगाराचा प्रश्न ठरतो. ‘तो हात कधीच वापरू नको’ असा सल्ला अनेकदा दिला जातो. परंतु २००९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वजन उचलणाऱ्या स्त्रियांमध्ये सूज वाढली नाही, असे आढळले. म्हणजे हात निकामी ठेवण्यापेक्षा शिकवलेला व्यायाम नियमित करणे हिताचे होय. गवत कापताना हातमोजे वापरणे, जखम त्वरित धुणे आणि हात लाल होऊन ताप आल्यास डॉक्टरांना दाखवणे, एवढी दक्षता आवश्यक आहे.

केमोथेरपीच्या काळात पांढऱ्या पेशी घटतात. या काळात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आल्यास ती तातडीची स्थिती समजावी. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे प्राणावर बेतू शकते. वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबाकडे थर्मामीटर असणे, रात्री कोणाचे वाहन मिळेल हे आधी ठरलेले असणे आणि लोणी किंवा अहिल्यानगर येथील कोणत्या रुग्णालयात जायचे हे ठाऊक असणे, हीदेखील सहाय्यक सेवाच होय.

मानसिक व सामाजिक अंग :
आपल्याकडील स्त्री दुखणे अंगावर काढते. स्तनातील गाठ बहुधा दुखत नाही. म्हणून ती सांगण्याची निकडही वाटत नाही, आणि लाज आडवी येतेच. उपचारांनंतर केस गळणे, स्तन गमावणे, पतीशी दुरावा, ‘मुलीच्या लग्नाला अडचण येईल’ ही धास्ती असे अनेक घाव मनावर होतात. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, हे घरातील प्रत्येकाला स्पष्ट सांगावे लागते. या कामी आजारातून बरी झालेली स्त्री सर्वांत परिणामकारक ठरते. ती समोर बसलेली असणे हाच एक पुरावा असतो.

आर्थिक अंग :
२०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झालेली व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी राज्य शासनाची योजना कर्करोगाच्या उपचारांना साहाय्य करते. कर्करोगाच्या रुग्णांना रेल्वे व एस. टी. भाड्यातही सवलत आहे. तथापि बुडालेली मजुरी, सोबत्याचा खर्च व शहरातील मुक्काम यांची भरपाई कोणतीही योजना पूर्णपणे करत नाही. उपचार अर्धवट सुटण्याची बीजे बहुधा येथेच असतात. निदान झालेल्यांपैकी किमान ८० टक्के स्त्रियांचे उपचार पूर्ण व्हावेत, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हाती घेतलेल्या उपक्रमाचे एक उद्दिष्ट आहे.

जिल्ह्यातील व राज्यातील अनुभव :
याच जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाने, अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रिया प्रशिक्षणानंतर उत्तम आरोग्य कार्यकर्त्या होऊ शकतात, हे सिद्ध केले. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी हाताने केलेल्या स्तन तपासणीमुळे ५० वर्षे व त्यावरील स्त्रियांमधील या आजाराचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याहून लहान वयोगटात मात्र असा लाभ दिसला नाही. तपासणीसारखे कौशल्य सेविका आत्मसात करू शकतात, तर हाताचे व्यायाम शिकवणे, औषधांची आठवण देणे व धीर देणे ही कामेही त्यांना अवघड नाहीत.

महाविद्यालयांची भूमिका :
राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आशा सेविका व बचत गटांच्या साहाय्याने या विषयाची माहिती देता येईल. समाजशास्त्र, मानसशास्त्र व अर्थशास्त्र विभागांना उपचारांचा खरा कौटुंबिक खर्च, उपचार सुटण्याची कारणे यांवर प्रकल्प हाती घेता येतील. मात्र रुग्ण स्त्रीची संमती व गोपनीयता ही पहिली अट असावी.

समारोप :
शस्त्रक्रिया मोठ्या शहरात होऊ शकते. आधार मात्र गावातच मिळावा लागतो. गाठ काढल्याने रोगाचा एक भाग दूर होतो. त्या स्त्रीला पुन्हा आपल्या घरात, शेतात व समाजात पूर्वीच्या मानाने उभे राहता आले, तरच उपचार पूर्ण झाले असे म्हणता येईल.