गुन्हा केला, तरी सापडू नये असं वाटतं!

मंडळी, रहस्यकथा म्हटलं की वाडवडिलांना आठवायचे बाबूराव अर्नाळकर. हजारावर पुस्तकं लिहिली त्यांनी! त्यांचे झुंजार आणि काळा पहाड घरोघरी ठाऊक होते.

२०१५ चा हिंदी ‘दृश्यम’ मात्र वेगळाच. मूळ मल्याळी, २०१३ चा, जीतू जोसेफ यांचा. हिंदीत आणला आपल्या निशिकांत कामतांनी, तोही गोव्यात. विजय साळगावकर चौथी नापास केबलवाला. एक पोरगा त्याच्या लेकीचं आंघोळीचं चित्रण मोबाईलवर घेऊन तिला धमकावतो. ती मोबाईलवर घाव घालते, तो बसतो त्याच्या डोक्यात. मग बाप बसची तिकिटं, हॉटेलची बिलं जमवतो आणि साक्षीदारांच्या डोक्यातली तारीखच बदलतो. (प्रेत कुठं पुरलं ते सांगत नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांची मजा जाईल.)

स्वसंरक्षणाचा हक्क कायदा देतोच. मग तो पोलिसांत का गेला नाही? मेलेल्याची आईच पोलीस महानिरीक्षक! पण तीही आईच. शेवटी नवराबायकोला एवढंच कळायला हवं असतं, पोर आहे की गेलं? तिथं तुम्ही कुणाच्या बाजूचे?

कामत २०२० मध्ये वारले. २०२२ चा दुसरा भाग अभिषेक पाठक यांचा. सात वर्षं उलटली, तरी त्या घरातली भीती गेलेली नाही.