पिकअपच्या पाट्याचे गंजलेले बोल्ट: आंब्याच्या आधी काढा, घाटात नको



आजचा संदेश फवारणीचा नाही, गाडीचा आहे. थोडा लांब आहे. निवांत वेळ काढून वाचा, आणि तुमची पिकअप दुसरं कोणी चालवत असेल तर त्यालाही पाठवा.

गेल्या मे महिन्यात आपल्या एका सभासदाची जुनी पिकअप आंब्याच्या पेट्या भरून रात्री कोल्हापूरला निघाली. आंबा घाट चढताना मागून 'खाड्' असा आवाज आला आणि गाडी एका बाजूला ओढायला लागली. उतरून बघतात तर मागच्या पाट्याचा बोल्ट तुटलेला, एक्सल तिरका झालेला आणि चाक हौद्याला घासतंय. चढ होता, वेग कमी होता, म्हणून निभावलं. हेच उतारावर झालं असतं तर नुसत्या पेट्यांवर भागलं नसतं. दुसरी गाडी मिळेपर्यंत उजाडलं. रस्त्याच्या कडेला पेट्या उतरवल्या, पुन्हा चढवल्या, आणि सकाळचा बाजार हुकला तो हुकलाच.

त्यातली शिकण्यासारखी गोष्ट अशी की त्या बोल्टला जानेवारीतच हात लागला होता. पान्याला लांब पाइप लावून दोघांनी ओढलं. नटाचे कोपरे गोल झाले, बोल्ट जागचा हलला नाही. मग "हंगाम होऊ दे, नंतर बघू" म्हणून तसाच ठेवला. अर्धवट ताणलेला, पिळलेला तोच बोल्ट मे महिन्यात भरल्या गाडीखाली गेला.

तेव्हा आजचं सांगणं एकच आहे. *गंजलेला बोल्ट जोराने निघत नाही, वेळ दिल्याने निघतो.* आणि तो वेळ आत्ता आहे. पाऊस उघडलाय, मोहोर यायचाय, गाडी चार दिवस उभी राहिली तरी चालेल. मार्चमध्ये चार तासही मिळणार नाहीत.

*बोल्ट अडकतो कुठे?*

लोखंड गंजलं की ते फुगतं. मूळ लोखंडापेक्षा गंजाला जास्त जागा लागते. नट आणि बोल्टच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते, ती गंजाने भरून जाम होते. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर खाडीची खारी हवा. जूनमध्ये त्याच गाडीतून पोटॅश, युरिया, मासळीचं खत येतं. पोटॅश म्हणजे एक क्षारच. हौद्याच्या फटीतून तो खाली पाट्यांवर सांडतो, ओल धरतो आणि लोखंड खातो.

पण मागच्या पाट्यांचा बोल्ट नुसता आट्यात अडकत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पाट्याच्या टोकाला जो गोल डोळा असतो, त्यात रबरी बुश असतो. बुशच्या मध्ये लोखंडी नळी असते आणि त्या नळीतून बोल्ट जातो. गंज बोल्टला या नळीशी चिकटवून टाकतो. मग नट सुटतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. डोक्याला पाना लावून फिरवलं तर नळीसकट फिरतो, रबर पिळतं आणि सोडलं की परत जागेवर येतं. असं झालं तर जोर वाढवून काही उपयोग नाही. त्याचा उपाय पुढे दिला आहे.

*आधी तपासा*

गाडी रिकामी करून सपाट जागेवर उभी करा. दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा. दोन्ही मापांत ठळक फरक आला तर एक्सल सरकलेला आहे. मागून बघणाऱ्याला गाडी खेकड्यासारखी तिरकी चालताना दिसते का, तेही विचारा. स्पीडब्रेकरवर मागून कटकट आवाज येणं, बुशचं रबर बाहेर डोकावणं, शॅकल एका बाजूला कलणं, नटाभोवती गंजाचे पापुद्रे सुटणं, ही सगळी बोल्ट आणि बुश बदलायची लक्षणं आहेत.

चेसिसला जिथे पाट्याचा ब्रॅकेट जोडलेला असतो, तिथे छिन्नीच्या टोकाने हलकेच टोचून बघा. पत्रा भुसभुशीत लागला तर बोल्टचं काम बाजूला ठेवा आणि आधी गाडी चांगल्या वेल्डरला दाखवा. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस लागतो, तेव्हा हे आज ना उद्या करावंच लागणार आहे.

*तीन संध्याकाळी तेल*

पहिल्या दिवशी तारेच्या ब्रशने बोल्टचे दिसणारे आटे घासून लख्ख करा. मातीवर तेल मारलं तर ते मातीच पिते. मग गंज सोडवायचा स्प्रे मारा. तो नसेल तर डिझेल चालेल, फक्त त्याला वेळ जास्त लागतो. तेल मारल्यावर हातोड्याने बोल्टच्या डोक्यावर आणि नटाच्या बाजूंवर पाच-सहा टोले द्या. टोला आट्यांवर नको, ते चेपले तर नट कधीच निघणार नाही. टोल्याच्या धक्क्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत शिरतं.

असं तीन संध्याकाळी करा. मधल्या दिवसांत गाडी रिकामीच थोडी फिरवली तर चांगलं, हादऱ्याने तेल आणखी आत जातं. मात्र तेल ब्रेकच्या ड्रमकडे उडू देऊ नका.

*गाडीखाली जाण्याआधी*

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीच शिरायचं नाही. चेसिसखाली लोखंडी घोड्या लावा. घोड्या नसतील तर गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा.

आणि आपल्याकडची सवय म्हणजे जांभ्याचा चिरा. घरामागे चार चिरे पडलेले असतात, ते सहज हाताला येतात. चिरा भिंतीत चांगला. गाडीच्या अणकुचीदार वजनाखाली तो एकदम फुटतो, आधी सूचना देत नाही. सिमेंटचे पोकळ ब्लॉकही तसेच. दोन्ही वर्ज्य.

जमीन टणक आणि सपाट हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा, हँडब्रेकवर विसंबू नका. घोड्या लागल्यावर गाडीला बाहेरून जोरात हलवून बघा. हलली तर हलेपर्यंत तुम्ही बाहेरच असलेलं बरं. काम करताना एक माणूस बाहेर हवाच.

एका वेळी एकाच बाजूचा पाटा सोडा. दुसरी बाजू एक्सलला जागेवर धरून ठेवते.

*आता पाना लावा*

घोड्या चेसिसखाली आणि जॅक एक्सलखाली. हा जॅक थोडा वर-खाली करत जा. पाट्याचा ताण बोल्टवर असेल तर बोल्ट आवळून धरलेला असतो. ताण नेमका सुटला की बोल्ट निम्मा मोकळा होतो. बरेच जण इथेच चुकतात आणि दोष गंजाला देतात.

फिक्स पाना वापरू नका, तो निसटतो आणि कोपरे खातो. सहा कोनांची गोटी घ्या. बारा कोनांची गोटी गंजलेल्या नटावर घसरते. गोटी हातोड्याने ठोकून घट्ट बसवा. चांगल्या गोट्यांचा सेट एकट्याला महाग वाटला तर चार सभासदांनी मिळून घ्या. तो वर्षातून दोनदाच लागतो.

पहिला झटका सोडायच्या दिशेने देऊ नका. आधी किंचित आवळा. 'कट्' असा आवाज आला की गंजाची पकड तुटली. मग पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, तेल मारा, अर्धा फेरा सोडा. सतत पुढे-मागे. नट अचानक रबरासारखा मऊ फिरायला लागला तर तिथेच थांबा. बोल्ट पिळला जातोय, पुढच्या झटक्याला तुटेल.

नट निघाला पण बोल्ट नळीत अडकला असेल, तर नट दोन-तीन आटे परत लावून त्यावर जाड लोखंड धरा आणि घणाने ठोका. दहा-पंधरा चांगल्या टोल्यांत सरकला नाही तर ठोकणं बंद करा. आता बोल्ट कापायचा. ब्रॅकेट आणि पाट्याचा डोळा यांच्यामधल्या फटीत ग्राइंडरचं पातळ कटिंग चाक घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा आणि पाटा मोकळा करा. बुश असाही बदलायचाच आहे, त्यामुळे कापण्यात नुकसान काही नाही. नुकसान होतं ते हट्टाने ठोकून ब्रॅकेट वाकवला की. कापताना डोळ्यांवर चष्मा हवाच. ग्राइंडरचं गार्ड काढू नका आणि ठिणग्या डिझेलच्या टाकीकडे जाणार नाहीत असे उभे राहा.

*आग गॅरेजवाल्याकडेच*

नट तापवला की तो प्रसरण पावतो आणि सुटतो, हे खरं आहे. पण गॅसची ज्योत घरी नको. मागच्या पाट्याजवळ ब्रेकचा रबरी पाइप, वायरिंग, डिझेलची लाइन आणि आता तुम्ही मारलेलं तेल, सगळं पेटणारं आहे. शॉकअब्सॉर्बर तर बंद नळकांडं, तापलं तर फुटतं. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत लावली तर काही क्लीनरचा विषारी वायू होतो. गॅरेजमध्ये तापवून घेणार असाल तर कुठे काय मारलंय ते मेस्त्रीला आधी सांगा. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला सांगा.

पुढचं सस्पेन्शन पाट्याचं नसून कॉइल स्प्रिंगचं किंवा टॉर्शन बारचं असेल, तर तिथे घरी हात घालू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो.

*नवीन बसवताना*

जुना बोल्ट तुटका असला तरी दुकानात सोबत न्या. जाडी, लांबी आणि आटे जुळले पाहिजेत. डोक्यावरचा आकडाही बघा. ८.८ किंवा १०.९ असेल तर तोच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधा ४.६ चा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण ८.८ च्या निम्म्याच ताकदीचा. यू-बोल्ट आणि नायलॉनचे लॉकनट एकदा काढले की परत वापरू नका.

बोल्टच्या गुळगुळीत भागाला ग्रीसचा हलका हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो नळीत चिकटणार नाही. रबराला ग्रीस किंवा ऑइल लागू देऊ नका. आट्यांवर ग्रीस असेल तर नट हलका फिरतो आणि नकळत जास्त आवळला जातो. म्हणून पाइप न लावता, कंपनीच्या पुस्तकातल्या मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळा.

बुशच्या बोल्टचा शेवटचा आवळा *गाडी चाकांवर उतरवल्यावरच* द्या. हवेत लोंबकळत्या पाट्यावर आवळला तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळून बसतं आणि लवकर फाटतं. यू-बोल्टचे चारही नट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. पहिली भरलेली फेरी झाली की ते परत तपासा. हे विसरायचं नाही.

*पुढच्या वर्षी हाच त्रास नको असेल तर*

खत वाहिल्यावर त्याच दिवशी हौदा आणि खालचे पाटे साध्या पाण्याने धुवा. पाऊस संपला की खालून एकदा स्वच्छ धुऊन, वाळवून गंजरोधक रंग मारा. जळकं इंजिन ऑइल फवारायची पद्धत सोडा. त्याने रबर फुगतं, ब्रेकवर गेलं तर लायनर निकामी होतं, आणि उरलेलं आपल्याच अंगणात झिरपतं.

काम जमत नाही असं वाटलं तर मध्येच सोडून गाडी भरू नका. अर्धवट सोडवलेला, कोपरे गेलेला बोल्ट हा न हात लावलेल्या बोल्टपेक्षा जास्त धोक्याचा. थेट गॅरेजला न्या, रिकामी आणि हळू.

तपासताना शंका आली तर बोल्टचा जवळून एक आणि लांबून एक असे दोन फोटो काढून याच नंबरवर पाठवा. या आठवड्यात रविवारी सकाळी टेप घेऊन गाडीची दोन मापं घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी